पासिंगच्या आधी ब्रेक: पंधरा वर्षं जुन्या गाडीचं पूर्ण काम, तारखा आणि खर्चासह

नागपुरात गाडीचे ब्रेक गुपचूप बिघडतात. शहर सपाट, दर चौकात सिग्नल, वेग चाळीस-पन्नासच्या आत. पेडल बोटभर जास्त खाली गेलं तरी गाडी थांबते, आणि पाय नकळत रोज थोडं जास्त दाबायला शिकतो. खरी अवस्था कळते ती चिखलदऱ्याचा घाट उतरताना, नाहीतर वर्धा रोडवर नव्वदच्या वेगात समोर जनावर आडवं आलं की. तोवर ‘ब्रेक बरोबर आहेत’ असंच सगळे म्हणतात.

गाडी २०१० ची, पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही (आपल्याकडे नव्या कारला ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून). आरसीची मुदत २४ जून २०२५ ला संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं तर गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते, लोकांच्या भाषेत पासिंग. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासूनच करता येतो, त्याहून आधी नाही. म्हणजे एप्रिलअखेर अर्ज, मेमध्ये पासिंग आणि त्याच्या आधी ब्रेकचं काम, असा हिशेब धरला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरीच तपासणी केली. याला एक पैसा लागत नाही आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी ती प्रत्येकाने करावी.

पहिली सर्वो बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक होतं. मग दाबून धरलेल्या स्थितीत इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक. काहीच हललं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा यांपैकी काहीतरी गेलेलं. आमच्या गाडीत हे बरोबर निघालं. दुसरी मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चारही चाकांकडे ढकलणाऱ्या भागाची. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा-एक मिनिट धरायचं. हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं दाब सोडताहेत. हेही ठीक होतं.

तिसरी परीक्षा पेडलच्या अंतराची, आणि गडबड इथे दिसली. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याहून खाली जायचं, लागोपाठ दुसरा दाब दिला की वर लागायचं. असं झालं की बहुतेक लोक ‘हवा शिरली’ म्हणतात. हवा असली तर पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. इथे ते खोल होतं पण मऊ नव्हतं. दुसऱ्या दाबाला कडक आणि उंच लागणारं पेडल बहुधा मागचा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे घर्षणाचे पट्टे, म्हणजे लायनर, यांमधली मोकळी जागा वाढल्याचं सांगतं. पहिला दाब ती जागा भरण्यातच खर्च होतो. हँडब्रेकनेही तेच सांगितलं. सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला तर नऊ टिक-टिक झाल्यावर कुठे ती थांबली. चार ते सातच्या दरम्यान धरायला हवी.

चौथी तापमानाची. वीसेक मिनिटं शहरात चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हाताचा मागचा भाग नेऊन पाहायचा. रिम किंवा डिस्कला स्पर्श करायचा नाही, चटका बसतो. हजाराच्या आत मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकडेच मिळतात. पुढच्या डाव्या डिस्कवर ११८ अंश, उजव्या डिस्कवर ७६. दोन्ही बाजूंत इतका फरक म्हणजे एक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा) नीट सुटत नाही. गाडी किंचित डावीकडे ओढत होती, त्याचंही कारण तेच. अशा वेळी अलाइनमेंट करून पैसे घालवू नका, आधी हे पाहा.

शेवटी ब्रेक ऑइल. टाकीतलं ऑइल काळ्या चहासारखं झालं होतं. नवं ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं असतं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ ही ऑइलची श्रेणी लिहिलेली. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, रबरी होजमधून आणि झाकणाच्या श्वासछिद्रातून. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तो १४० वर येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून ऑइल उकळत नाही, हा गैरसमज काढून टाका. ते उकळतं घाटात, सतत ब्रेक धरून उतरताना, जेव्हा डिस्क काहीशे अंशांवर जाते आणि ती उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. ऑइलची वाफ झाली की पेडल दबतं, दाब मात्र पोचत नाही, कारण वाफ चेपली जाते. पाणी आत शिरतं ते पावसाळ्यात, त्याचा हिशेब निघतो पुढच्या उन्हाळ्याच्या सहलीत. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी.

हे सगळं घेऊन गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं: “भाऊ, पॅड टाकून देतो, अर्ध्या घंट्यात मोकळे होऊन जा.” बहुतेक गाड्यांना हेच मिळतं. पुढचे पॅड (कॅलिपरमधले डिस्कला दाबणारे घर्षणाचे ठोकळे) बदलतात, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या जुन्या चिकटलेल्या पिनांवर तेच कॅलिपर परत बसवतात, मागचे ड्रम उघडतही नाहीत, ऑइल तेच ठेवतात. नवे पॅड जाड असल्यामुळे आठ-पंधरा दिवस बरं वाटतं. पॅड हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरोगी भाग असतो. तो झिजण्यासाठीच बनवलेला आहे. आजार पिनांत, रबरांत, ऑइलमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये असतात. एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण कामाचा अंदाज १९ हजारांवर दिला, पण कॅलिपरच्या सीलचं किट वेगळं टाकायला तयार नव्हते, आख्खा कॅलिपर बदलू म्हणाले. मिस्त्रीशी बोलून ठरवलं की पार्ट आम्ही आणायचे, काम त्याच्याकडे, समोर उभं राहून. मजुरी २,२०० रुपये आधीच बोलून घेतली. हे आधी बोलणं महत्त्वाचं. ‘पाहू नंतर’ म्हटलं की नंतर पाहण्यासारखं काही उरत नाही.

पार्टसाठी २८ एप्रिलला घाट रोडच्या बाजूच्या दुकानांत फिरलो. सोबत आरसीची प्रत न्या आणि चेसिस नंबर दाखवा. एकाच मॉडेलमध्ये व्हील सिलिंडरचा (ड्रममधले लायनर ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, बदललेला असू शकतो, आणि बारीक फरक डोळ्याला दिसत नाही. पॅडच्या कडेवर छापलेल्या ओळीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, ईई, एफई, एफएफ अशी. ती घर्षणाची श्रेणी. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. पहिलं अक्षर थंड अवस्थेतलं, दुसरं तापल्यावरचं. सेटमधल्या चारही पॅडवर अक्षरं आणि बॅच सारखी असायला हवी. नकली मालात बहुधा इथेच गडबड सापडते. खोका हुबेहूब असतो, पण पॅडवर काही छापलेलंच नसतं, किंवा पत्र्यावरचा रंग नखाने निघतो. पक्कं बिल मागितल्यावर दुकानदार भाव वाढवतो. वाढवू द्या. परत करायची वेळ आली की ते बिलच कामी येतं.

पॅडचा सेट १,३५०, मागच्या लायनरचा सेट ९८०, दोन्ही कॅलिपरचं सील आणि बूट किट मिळून ३६०, पुढचे दोन रबरी होज ९००, ब्रेक ऑइलचे अर्ध्या लिटरचे दोन डबे ५२०, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब १८०, ब्रेक क्लीनरचा स्प्रे ३५०. व्हील सिलिंडर दोन, ८४० रुपये. ते हव्या त्या बोअरचे नागपुरात नव्हते, पुण्याहून मागवले, त्यात आठवडा गेला असता पण १ मेच्या सुट्टीच्या आधीच आले. ऑइलचा डबा सीलबंदच घ्या. उघडून ठेवलेल्या डब्यातलं ऑइल घरातच पाणी पिऊन बसतं, उरलेलं ‘पुढच्या वेळेसाठी’ जपून ठेवू नका.

३ मे, शनिवार. सकाळी सातला सुरुवात, कारण अकरानंतर शेडखालीही पाना हातात धरवत नाही. आधी चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना गुटके लावायचे, मग जॅक. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. चेसिसच्या ठरलेल्या जागी घोड्या लावल्या, गाडी हलवून पाहिली, मग चाकं काढली.

डावीकडचा कॅलिपर उघडताच कारण दिसलं. आतला पॅड २ मिलिमीटर, बाहेरचा ६. तरंगत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचं शरीर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतं. पिना अडकल्या की बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि सगळं काम आतल्यावर पडतं. खालची पिन हाताने हलत नव्हती, हातोडीने काढावी लागली. बूट फाटलेला, आत गंजाचं पाणी आणि पिवळं साधं ग्रीस. हेच ते ग्रीस, जे बेअरिंगला उत्तम आणि ब्रेकला विष. पेट्रोलियमवर बनलेल्या कुठल्याही ग्रीसने, डिझेलने, रॉकेलने ब्रेकची रबरं फुगतात. फुगलेलं रबर पिनला आवळून धरतं. पिना पाण्याच्या पॉलिश पेपरने घासल्या, ब्रेक क्लीनरने धुतल्या, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून नव्या बुटांत बसवल्या. थर पातळच हवा. भोक ग्रीसने गच्च भरलं तर पिन आत जाताना हवा कोंडते आणि तिला बाहेर ढकलते. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, ती वर की खाली हे काढतानाच फोटो काढून ठेवा.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा. होज बाहेरून धड दिसला तरी आतला थर फाटतो, आणि तो तुकडा एकमार्गी झडपेसारखा वागतो: दाब जातो, परत येत नाही, चाक धरून राहतं. पंधरा वर्षांचे होज तपासत बसण्यात अर्थ नव्हता, बदलायचेच होते.

पिस्टन काढायला मिस्त्रीने कॉम्प्रेसरची नळी उचलली होती. नको म्हटलं. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट मधे असेल तर बोट जातं. सोपी पद्धत पेडलचीच. पिस्टनसमोर लाकडी ठोकळा ठेवून कोणाला तरी हळूहळू पेडल दाबायला सांगायचं, तो स्वतःच बाहेर येतो. एका वेळी एकच बाजू, दुसरी जागेवर. पिस्टनवर डाग होते पण खड्डे नव्हते, म्हणून तोच ठेवला. क्रोमला नखात अडकेल असा खड्डा पडला असेल तर पिस्टन बदलायचा, नवं सीलसुद्धा त्यावर टिकत नाही. सीलची खाच लाकडी काडीने साफ केली, स्क्रूड्रायव्हरने नाही. नवं चौकोनी काटाचं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढण्याचं कामही हेच सील करतं, तिथे वेगळी स्प्रिंग नसते. सील कडक झालं की पॅड डिस्कला घासतच राहतो. ११८ अंशांचा अर्धा दोष पिनांचा, अर्धा याचा.

डिस्क मायक्रोमीटरने मोजली. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, आमच्यावर १५ मिलिमीटर. डावी भरली १४.६, उजवी १५.२. मिस्त्री म्हणाला लेथवर टर्निंग करून आणतो. मर्यादेच्या खाली गेलेल्या डिस्कला टर्निंग म्हणजे आणखी बारीक करणं. ती उष्णता कमी धरते, लवकर तापते आणि तडकू शकते. उजवीला दोन दशमांश उरले होते, एका टर्निंगमध्ये तेही गेले असते. दोन्ही नव्या आणल्या, २,९०० रुपये, नेहमी जोडीनेच. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावं लागतं. आणि एक गोष्ट जी जवळजवळ कोणी करत नाही: हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) चेहऱ्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढणं. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरकी बसते, काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं आणि सगळे म्हणतात नवी डिस्क ‘वाकली’.

मागचे ड्रम निघेनात. ड्रमच्या आत कडेला झिजेचा काठ तयार होतो आणि लायनर त्यामागे अडकतो. हातोडे मारण्याआधी मागच्या पत्र्यावरच्या रबरी बुचातून अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमपासून किती अंतरावर राहतील ते ठरवणारा भाग) सैल करावा, हँडब्रेकची केबल सोडावी. काही ड्रमवर ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. आमच्या गाडीत मधला नट काढावा लागला. तो ठोकून लॉक केलेला असतो, परत बसवताना नवा वापरावा. ड्रममधली पूड हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बांधून टाकलं. मिस्त्रीची पोरं ही पूड फुंकून काढतात तेव्हा जीव तुटतो.

आत पाहिलं तर डाव्या व्हील सिलिंडरचा बूट उचलताच ऑइल ओघळलं. बुटाखाली ओल दिसली की सिलिंडर गेला समजायचं, बाहेर थेंब पडण्याची वाट पाहू नये. ते ऑइल लायनरला लागलं होतं. लायनर जाळून ऑइल काढण्याची एक पद्धत गॅरेजांत चालते. ती सपशेल चुकीची आहे. घर्षणाचा थर बांधणारं रेझिन जळतं आणि तो थर पत्र्यावरून सुटू शकतो. सेट बदलला. स्प्रिंगा एका बाजूच्या खोलून जोडून झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडायची नाही, म्हणजे समोर नमुना राहतो. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरची अदलाबदल होता कामा नये. आमच्या गाडीतला अ‍ॅडजस्टर गंजून गोठला होता. आपोआप जागा भरून काढणारी यंत्रणा कित्येक महिने काहीच करत नव्हती, आणि खोल पेडलचं मूळ तिथेच होतं. तो साफ करून मोकळा केला, ज्या टेकूंवर लायनर सरकतो तिथे ग्रीसचा ठिपका दिला.

ब्रेक ऑइलच्या पाइपचा नट सोडताना साधा पाना लावू नका. १० मिलिमीटरचा नट गोल होतो, मग पाइप कापावा लागतो आणि खर्च दुप्पट. कापलेल्या तोंडाचा फ्लेअर पाना दीडशे-दोनशेला मिळतो. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

ड्रमवर कोरलेली कमाल मर्यादा १८२ मिलिमीटर, मोजले तर १८०.५. काठ काढून पृष्ठभाग सरळ करायला लेथवर दिले. शनिवारी दुपारी लेथवाल्याने सांगितलं, “आता सोमवारीच होईन भाऊ, उद्या बंद रायते.” गाडी दोन रात्री घोड्यांवर. मन थोडं खट्टू झालं, पण घाईने जुन्या खोबणीत नवे लायनर घातले तर ते टोकांवरच टेकतात आणि हँडब्रेक महिनाभर नीट धरत नाही. या काळात पेडलला कोणी पाय लावू नये म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवली. ड्रम काढलेला असताना पेडल दाबलं तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात. सोमवारी ५ मेला दुपारी ड्रम मिळाले, दोन्हींचे मिळून ५०० रुपये, व्यास १८०.९. दोन्ही बाजू सारख्या व्यासाच्या करून घ्या, नाहीतर गाडी मागून ओढते.

सगळं जोडल्यावर हवा काढणं. इथे घाई केली तर आधीचं सगळं पाण्यात. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरलं. क्रम सर्वसाधारणपणे सगळ्यात लांबच्या चाकापासून: आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ऑइलची दोन वर्तुळं तिरपी असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, त्यामुळे काही कंपन्या वेगळा क्रम देतात. पुस्तिका पाहा. निप्पलवर (प्रत्येक चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. एकजण पेडलवर, एकजण चाकाशी. “दाब. धर. सोडू नको.” निप्पल पाव फेरा उघडायचं, ऑइल वाहतं, पेडल खाली जातं, निप्पल बंद, मगच “सोड”. निप्पल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू द्यायचं नाही. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर पंधरा वर्षं गेलंच नाही तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. रबर त्यावरून फिरलं की फाटतं, आणि चांगला मास्टर सिलिंडर हवा काढताना मरतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला. टाकीतली पातळी दर चार-पाच दाबांनंतर पाहायची, टाकी रिकामी होऊन हवा शिरली की पुन्हा पहिल्यापासून. नळीतून फिकट, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत चारही चाकांना मिळून साधारण ७०० मिलिलिटर लागलं. रंगावर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाणी, हे ऑइल रंग उचकटतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते कधीच नाही. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी टाकी रिकामी होऊ देऊच नये. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, हवा शिरली तर काही गाड्यांत स्कॅनर लावूनच ती निघते.

मग अ‍ॅडजस्टर फिरवून ड्रम हाताने फिरताना किंचित घासेल इतपत लायनर जवळ आणले, त्यानंतर हँडब्रेकची केबल. हा क्रम उलटा करू नका. केबल ताणून हँडब्रेक ‘ठीक’ केला की लायनर अर्धवट उघडे राहतात आणि अ‍ॅडजस्टरला काम करायला जागाच उरत नाही. हँडब्रेक पाचव्या टिकेला धरू लागला. चाकांचे नट तिरपा क्रम धरून टॉर्क पान्याने ८५ न्यूटन-मीटर. पेडल आता पहिल्याच दाबात वर आणि कडक. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबून पॅड डिस्कशी आणून ठेवायचे. हे विसरून रिव्हर्स घेणारे भिंतीवर थांबतात.

६ मेच्या पहाटे आउटर रिंग रोडवर नवे पॅड डिस्कवर घासून बसते केले. मागे कोणी नाही पाहून ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं दहाएक वेळा, मधे थोडं अंतर ठेवून. शेवटी ब्रेक न लावता पाच-सात मिनिटं चालवून थंड करायचे. तापलेले पॅड एका जागी दाबून धरले तर डिस्कवर त्यांचा ठसा उमटतो आणि तीच पुढे थरथर होते. पहिले दोनशे किलोमीटर ब्रेक थोडे कमी लागतात, तेवढं अंतर जास्त ठेवायचं. परत येऊन तापमान पाहिलं: डावी ८१, उजवी ७९. एकूण खर्च ११,०८० रुपये.

आरटीओचं काम तुलनेने साधं झालं. गाडी ज्या कार्यालयाच्या नोंदीत असेल तिथेच जावं लागतं: एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० ग्रामीण. परिवहन पोर्टलवर फॉर्म २५, कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डचे २००, पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये. विमा आणि पीयूसी चालू हवे, नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलेली हवी, तिच्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. ज्यांची बसलेली नाही त्यांनी सगळ्यात आधी तिची नोंदणी करावी, वेळ तिथेच जातो. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जावर लागतो. तो घरी सकाळी काढून न्या, नंबरवरचा गंज आणि चिखल पुसून. तिथे उन्हात बॉनेट उघडून काढताना इंजिन तापलेलं असतं आणि कागद फाटतो.

२० मेला तपासणी होती. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, सीटबेल्ट पाहिले, चेसिस आणि इंजिन नंबर जुळवले, गाडी पुढे घेऊन ब्रेक लावायला सांगितला, हँडब्रेक ओढून गाडी ढकलून पाहिली. ब्रेकचे दिवे आदल्या दिवशी पाहून ठेवा. मागच्या दिव्यांचा स्विच कधी कधी वेगळ्या जागी लागतो आणि दिवे सतत पेटून राहतात. आमच्याकडे तसं झालं होतं, स्विचचा नट दोन फेरे फिरवून सुटलं. तपासणीला पाच-सात मिनिटं, रांगेत थांबायला अख्खी सकाळ. पाण्याची बाटली आणि टोपी न्याच. नवं कार्ड जूनमध्ये पोस्टाने आलं, तोवर पोर्टलवर नवी तारीख दिसत होती.

हजारेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा सगळं पाहिलं. नवे लायनर ड्रममध्ये बसल्यावर हँडब्रेक एक-दोन टिका सैल होतो, तो सहाव्या टिकेवर आला होता, म्हणून तसाच ठेवला. चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर तपासले. डावीकडच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी सारखी आहे की नाही, हे चाक न काढताही आलॉयच्या फटीतून टॉर्च मारून दिसतं. आमच्या स्टीलच्या रिममधून दिसत नाही, म्हणून टायरची पुढे-मागे अदलाबदल करण्याच्या वेळी, दर दहा हजारांना, पिना हाताने सरकवून पाहायच्या. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखरते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज, त्याला घाबरू नये. खरखर चौकापर्यंत गेली नाही तर मात्र चाक उघडावं. ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख, मे २०२५, पट्टीवर लिहून टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवली आहे, आणि तिच्याखाली पुढची, मे २०२७.